पर्थला मुक्काम, स्कॉटलंडभर फेरी

केसरी पाटील यांनी १९८४ साली 'केसरी टूर्स' सुरू केली. माहीम-दादरच्या अशा कंपन्यांमुळे गिरगावातलं, लालबागमधलं चाळकरी कुटुंबही युरोप पाहून आलं. भाषा, जेवण, सोबत या तिन्ही काळज्या मिटल्या. पण सहलीतला वेळ बसमध्ये आणि बॅगा भरण्यात जातो. म्हणून स्कॉटलंडला स्वतःहून जाणाऱ्यांनी एका लहान शहरात आठवडाभर मुक्काम ठेवावा. गणपतीपुळ्याला राहून मालगुंड, जयगड, पावस करतो, तसंच.

त्यासाठी पर्थ सोयीचं आहे. टे नदीकाठच्या या गावाला शहराचा दर्जा २०१२ साली पुन्हा मिळाला. रेल्वेने डंडी २०-२५ मिनिटांवर, स्टर्लिंग आणि पिटलॉक्री साधारण अर्ध्या तासावर, ग्लासगो तासाभरावर. एडिंबराला सुमारे सव्वा ते दीड तास लागतो, तर डोंगराळ मुलखातून इन्व्हर्नेसला दोन तासांहून थोडे अधिक. डंडीत कॅप्टन स्कॉटचं 'डिस्कव्हरी' जहाज आणि २०१८ साली उघडलेलं व्ही अँड ए संग्रहालय पाहावं. स्टर्लिंगला किल्ला आणि वॉलेस स्मारक.

खुद्द पर्थमध्येही दोन दिवस सहज जातात. स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाची शिळा पहिल्या एडवर्डने १२९६ साली इंग्लंडला नेली होती. ती १९९६ साली स्कॉटलंडला परतली आणि मार्च २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे. ती मुळात जिथे होती ते स्कोन पर्थपासून दोन-तीन किलोमीटरवरच आहे.

पर्थचं मुंबईशीही नातं आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. त्यांचं बालपण पर्थजवळच्या किनूल टेकडीवर गेलं. मालवणचे गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी; १९२४ पासून विभागाची धुरा त्यांनी वाहिली. नगररचनेत आधी पाहणी, मग आराखडा, हा गेडिस यांचा आग्रह. डोंगरापासून समुद्रापर्यंतचं खोरं एकसंध पाहावं, तिथली माणसं आणि त्यांचे धंदे जमिनीशी जोडून समजून घ्यावेत, असं ते सांगत. किनूलच्या २२२ मीटर उंच माथ्यावरून टेचं खोरं दिसतं, तेव्हा या विचाराचं मूळ कुठे रुजलं असेल याचा अंदाज येतो.

तयारीचं थोडं. शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. ब्रिटिश व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो. मे अखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात मात्र चारच्या आतच सूर्य मावळतो. त्यामुळे शाळेची उन्हाळी सुट्टीच योग्य. स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली, की वरणभाताचीही सोय होते. छत्रीपेक्षा टोपीचं जलरोधक जाकीट कामाचं, कारण तिथला वारा छत्री टिकू देत नाही.

यादीतली ठिकाणं कमी झाली तरी चालतील. पाहिलेला मुलूख समजायचा असेल, तर एका जागी राहण्याला पर्याय नाही.