ड्युअल बूट बिघडलं? फॉरमॅट करण्याआधी थांबा

१३ ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट लॅपटॉपवर लिनक्स सुरूच होईना. पडद्यावर काहीतरी गंभीर बिघडल्याचा संदेश येई आणि मशीन बंद पडे. इथे आयर्लंडमध्ये कॉलेजचं नवं वर्ष तोंडावर आलेलं. कुणालाही वाटावं, डिस्क गेली, प्रबंध गेला, फोटो गेले!

प्रत्यक्षात डिस्कला धक्काही लागला नव्हता. सिक्युअर बूट हा दारावरचा राखणदार. अपडेटने त्याला असुरक्षित बूटलोडर अडवण्याचे नवे नियम दिले. ड्युअल बूट मशीनना ते लागू व्हायचे नव्हते, पण काही मशीन ओळखण्यात चूक झाली. जुन्या लाइव्ह यूएसबीही दारातच अडल्या.

उपाय असा: बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवा. बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा. लिनक्समध्ये मोकयुटिलने ते नियम पुसा, लिनक्स अपडेट करा, रीस्टार्ट करा आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करा.

पार्टिशनच दिसेनासं झालं तर? पार्टिशन टेबल म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका. ती फाटली तरी पानं जागेवर असतात. जीपीटी पद्धतीत तर तिची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. अशा वेळी त्या डिस्कवर काहीही लिहू नका. दुसऱ्या मशीनवर ताजी लाइव्ह यूएसबी बनवा. लिनक्स मोफत मिळतं. आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा, मग टेस्टडिस्क चालवा.

अनुक्रमणिका पुन्हा लिहिता येते. घाईत पुसलेली पानं नाही.