समेटासाठी वकील निवडताना

भावाभावांच्या वाटणीचे, शेताच्या बांधाचे, घरमालक आणि भाडेकरू यांचे किंवा पतिपत्नींच्या पोटगीचे जे दावे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयांत तारखांमागून तारखा घेत वर्षानुवर्षे पडून राहतात, त्यांतील पुष्कळांत कायद्याचा गहन प्रश्न असा नसतोच; असतो तो दुखावलेला मान आणि परस्परांवरचा उडालेला विश्वास. अशा दाव्यांना न्यायालयाबाहेरची वाट मोकळी व्हावी म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेतील नवे कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून अमलात आले, आणि २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही संमत केला. तथापि या वाटेने जाताना सोबत कोणता वकील घ्यावा, याचा विचार सामान्य पक्षकार क्वचितच करतो.

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. मराठेशाहीत गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, उभे राहणारे वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याचा राजीनामा, म्हणजे संमतिपत्र, आधीच लिहून देत आणि झालेला निर्णय महजर या निवाडपत्रात नमूद होई. आजचा मध्यस्थ मात्र निवाडा देत नाही. तो उभयतांना एकत्र आणि वेगवेगळे भेटून त्यांचे खरे हितसंबंध बाहेर काढतो, आणि तेथे झालेली बोलणी गोपनीय राहून पुढे पुराव्यात येऊ शकत नाहीत. तो कोणाचाच वकील नसल्यामुळे आपल्या हक्काची राखण करण्याचे काम आपल्याच वकिलाकडे राहते. आणि जो वकील मध्यस्थ म्हणून बसला, त्याला त्याच वादात एका पक्षाची बाजू घेता येत नाही.

आपल्या बाजूचा असा वकील शोधावा कोठे? वकिलांना जाहिरात करून कामे मिळविण्यास मनाई असल्यामुळे मोठमोठ्या फलकांवर विसंबण्यात अर्थ नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय, तेथील मध्यस्थी केंद्र आणि स्थानिक वकील संघ येथे चौकशी केली असता, मध्यस्थीचे चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतलेले वकील कोण, हे सहसा कळते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये मोफत वकील मागता येतो. स्थानिक वकिलाला आणखी एक महत्त्व आहे: सात-बारा, फेरफार आणि तहसील कचेरीतील दप्तर ज्याच्या नित्य पाहण्यातले, त्याला कागदावरची वाटणी आणि प्रत्यक्षातील वहिवाट यांतील अंतर चटकन उमगते.

पहिल्या भेटीत वकिलाच्या वक्तृत्वापेक्षा त्याच्या प्रश्नांकडे लक्ष द्यावे. ‘समोरच्याला धडा शिकवू’ असे पहिल्याच दमात सांगणारा वकील उलटतपासणीत तरबेज असेलही, पण समेटाच्या मेजावर तो बहुधा अडसरच ठरतो. उलट, दावा हरल्यास काय पदरी पडेल, जिंकल्यास किती वर्षांनी पडेल आणि किती सोडण्याची तुमची तयारी आहे, हे जो शांतपणे विचारतो, तो कामाचा. खासगी बोलणी चालू आहेत म्हणून दाव्याची कायदेशीर मुदत आपोआप थांबत नाही, ही जाणीवही त्याने आपण होऊन दिली पाहिजे. मेहनतान्याचा ठराव वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी स्पष्ट आणि लेखी असावा. मध्यस्थीच्या बैठकांची फी वेगळी की एकत्र, हे विचारण्यात संकोच नको. मिळणाऱ्या मिळकतीत हिस्सा मागणारा किंवा निकालावर फी ठरविणारा वकील व्यवसायाचा नियमच मोडत असतो, हे ओळखून तेथून उठावे.

खरी कसोटी लागते ती तडजोडीचा मसुदा करताना. उभयतांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर सामान्यतः अपील चालत नाही. त्यामुळे घाईने केलेली सही पुढे अनेक वर्षे भोवते. वाटणीत बहिणींचा हिस्सा विसरला गेला नाही ना, कारण हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वारसांपैकी कोणी अज्ञान असल्यास त्याच्या वतीने न्यायालयाची परवानगी घेतली आहे ना. मुद्रांक आणि नोंदणी लागणार असल्यास तो खर्च कोणी सोसावयाचा. कबूल केलेली रक्कम ठरल्या तारखेस न आल्यास काय. या प्रश्नांची उत्तरे मसुद्यात अक्षरशः उतरलेली असली पाहिजेत. ती नसतील तर सही न करता दुसरी बैठक मागण्याचा सल्ला देईल, तोच खरा सल्लागार.

म्हणून वाचकहो, वकील निवडताना त्याने किती दावे जिंकले, एवढेच विचारून थांबू नका. किती भांडणे त्याने पुन्हा उद्भवणार नाहीत अशा रीतीने मिटविली, हेही विचारा, आणि मसुद्याची प्रत घरी नेऊन ओळ अन् ओळ वाचल्याखेरीज तिच्यावर सही करू नका.