ड्रॉइंग कुठल्या यानाचं?

सॅटर्न-५ रॉकेटचं प्लॅस्टिक किट जुळवणाऱ्या दोन पिढ्यांनी त्याच्या पहिल्या टप्प्यावर नको तिथे काळा पट्टा रंगवला. खोक्यातल्या सूचनापत्रावर तो तसाच दाखवलेला असायचा. अमेरिकेच्या रेव्हेलने आणि इंग्लंडच्या एअरफिक्सने १९६९ च्या आसपास, चांद्रविजयाच्या लाटेवर ही किट बाजारात आणली. त्यांनी आधार घेतला होता एसए-५००एफ या रॉकेटचा. ते उडण्यासाठी नव्हतंच. मे १९६६ मध्ये केनेडी केंद्रात ते बाहेर काढलं, ते उड्डाणतळावरच्या जोडण्या नि यंत्रणा तपासून बघायला. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या दोन टाक्यांमधला भाग काळा-पांढरा होता. काळा रंग उन्हात फार तापतो असं दिसल्यावर उडणाऱ्या रॉकेटांवर तो भाग पांढरा ठेवला गेला. किटवर मात्र काळा पट्टा ठाण मांडून बसला.

यानांच्या मॉडेलांचा गेल्या साठेक वर्षांचा इतिहास चाळला, तर हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते. ड्रॉइंग मिळणं सोपं होत गेलं. मिळालेलं ड्रॉइंग नेमकं कुठल्या यानाचं, हा प्रश्न काही सुटला नाही.

अपोलोच्या दिवसांत अमेरिकी कंपन्या वार्ताहरांसाठी जाडजूड संदर्भपुस्तिका काढत. चांद्रयान बनवणाऱ्या ग्रमनच्या अशा पुस्तिकेत आकृत्या आणि मापं भरपूर होती. १९६९ मध्ये गल्फच्या पेट्रोल पंपांवर चांद्रयानाचं कापून चिकटवायचं कागदी मॉडेल फुकट मिळत होतं. सोव्हिएत रशियात सगळं याच्या उलट. गागारिन १९६१ मध्ये अंतराळात गेला. त्याचं व्होस्तोक यान कसं दिसतं हे जगाला कळायला १९६५ उजाडलं आणि रॉकेट दिसलं ते थेट १९६७ च्या पॅरिस विमानप्रदर्शनात. तोवर निघालेली चित्रं नि मॉडेलं ही निव्वळ कल्पनेची भरारी होती. माणसाला चंद्रावर नेण्यासाठी बांधलेल्या एन-१ रॉकेटची चारही उड्डाणं १९६९ ते १९७२ मध्ये फसली आणि सरकारने ते जणू बांधलंच नव्हतं असा पवित्रा घेतला. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्राध्यापकांना मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेत रशियन चांद्रयान प्रत्यक्ष बघायला मिळालं, तेव्हा कुठे मॉडेलवाल्यांना हातात धरण्यासारखं काही सापडलं.

मधल्या काळात ड्रॉइंग मिळत नसेल तर ते स्वतः काढायचं, हाच मार्ग होता. सॅटर्नच्या पहिल्या टप्प्याचा व्यास १०.१ मीटर हे एक माप पक्कं ठाऊक असलं, की फोटोवर पट्टी लावून बाकीची मापं त्याच्या हिशोबाने काढता येत. पण कॅमेरा जमिनीवर आणि रॉकेट ११० मीटर उंच. वरचा भाग फोटोत आपोआप बारीक दिसतो. हा फरक वजा करण्यात खरी कसोटी लागायची. पीटर ऑलवे यांचं ‘रॉकेट्स ऑफ द वर्ल्ड’ हे मापांसकट आकृत्यांचं पुस्तक १९९३ मध्ये निघालं, ते अशाच चिकाटीतून. २००० मध्ये मार्टिन श्वाइगर यांचा ‘ऑर्बिटर’ हा फुकट सिम्युलेटर आला आणि हौशी लोक संगणकावर यानं बांधू लागले. १/१४४ प्रमाणातल्या किटवर डोळ्याआड होणारी चूक पडद्यावर झूम केली की डोळ्यांत खुपू लागली. मग मूळ कारखान्याच्या ड्रॉइंगची भूक वाढली.

सॅटर्नची ड्रॉइंग्ज नासाने फेकून दिली, ही कहाणी आजही ऐकू येते. ती खोटी आहे. नासाच्या मार्शल केंद्रात ती मायक्रोफिल्मवर आहेत आणि जॉर्जियातल्या सरकारी अभिलेखागारात सॅटर्नचे सुमारे २,९०० घनफूट कागद आहेत. अडचण वेगळीच असते. त्या काळी ड्रॉइंगचा फोटो ३५ मिलिमीटर फिल्मवर घेऊन तो तुकडा पंच-कार्डाला पाडलेल्या खिडकीत बसवत. एका कार्डावर एकच तक्ता. त्यावर भागाचा क्रमांक असतो, पण त्या भागाचं माप दुसऱ्या कार्डावर आणि त्यातल्या स्क्रूचं तिसऱ्यावर. कोपऱ्यात सुधारणांचा रकाना. तिथल्या अक्षरांवरून हा तक्ता बदलाआधीचा की नंतरचा, ते समजतं. हा रकाना न वाचता माप उचललं, तर पुन्हा काळा पट्टाच.

सगळं सुरळीत मिळत गेलं असंही नाही. मार्च २०१३ मध्ये नासाने आपलं तांत्रिक अहवालांचं सार्वजनिक संकेतस्थळ निर्यातबंदीच्या नियमांसाठी तपासणी करायची म्हणून काही काळ बंदच ठेवलं. आणि ड्रॉइंग मिळालं तरी तेवढ्याने भागतंच असं नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मार्शल केंद्रातल्या तरुण अभियंत्यांनी सॅटर्नच्या एफ-१ इंजिनाचा गॅस जनरेटर पुन्हा पेटवून पाहिला होता. मूळ ड्रॉइंग्ज हाताशी असूनही त्यांनी जुनं इंजिन खोलून त्याचं त्रिमितीय स्कॅन केलं. कारण प्रत्येक इंजिन हाताने वेल्डिंग करून बनवलेलं. कारागिराने आयत्या वेळी केलेल्या तडजोडी कागदावर चढलेल्याच नव्हत्या. २०१६ मध्ये स्मिथसोनियनने अपोलो-११ चं कोलंबिया यान आतून-बाहेरून स्कॅन करून खुलं केलं, तेव्हा आतल्या भिंतींवर अंतराळवीरांनी केलेल्या हस्ताक्षरातल्या नोंदीही दिसल्या. त्या कुठल्याच ड्रॉइंगमध्ये सापडणं शक्य नव्हतं.

आपल्याकडे आज काय स्थिती आहे? इस्रोच्या पुस्तिकांत उंची, व्यास, वजन मिळतं, फोटोही उत्तम असतात. कारखान्याची ड्रॉइंग्ज मात्र विक्रोळीला गोदरेजमध्ये किंवा वालचंदनगरला, जिथे इंजिनं नि रॉकेटांची आवरणं बनतात तिथेच राहतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा भारतीय मॉडेलवाल्याला जुन्याच रीतीने जावं लागतं: एक पक्कं माप, बरेच फोटो आणि भरपूर शंका. पीएसएलव्ही एकच नाही. २००८ मध्ये चांद्रयान-१ नेणाऱ्या उड्डाणात जोडरॉकेटं पहिल्यांदाच मोठी झाली. त्याआधीच्या पीएसएलव्हीची आकृती घेऊन मंगळयानाचं रॉकेट बांधलं तर ते चुकणारच.

भारताच्या ‘विक्रम’ या चंद्रावर उतरणाऱ्या यानाचं मॉडेल छापायला घेणाऱ्याने प्रिंटर चालू करण्याआधी फाइल उलटी करून तळाची इंजिनं मोजावीत. चार असली तर ते २०२३ मध्ये चंद्रावर अलगद उतरलेलं यान. पाच भरली, तर २०१९ मध्ये आदळलेलं.