सही करण्याआधी नकाशा खडूने आखा

"घर ताब्यात आलं की आतून आपल्या मनासारखं करून घेऊ," लालबाग-परळच्या चाळींत पुनर्विकासाची बैठक भरली की कुणीतरी हे बोलतंच. मी गणेशगल्लीजवळच्या चाळीत वाढलो, पेशाने स्थापत्य अभियंता. त्यामुळे बिल्डरचा नकाशा आला की आसपासच्या कमिट्या मला बोलावतात. या एका समजुतीइतकं महागात पडणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

आजचे बरेच टॉवर मायवान पद्धतीने उभे राहतात. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. विटांची भिंत पाडून स्वयंपाकघर वाढवता येतं, तसं इथे चालत नाही. त्या भिंतीच वरचे मजले तोलून धरतात. विजेचे पाइपही काँक्रीट पडण्याआधी आत बसलेले असतात. संडास-बाथरूम हलवावं म्हटलं, तर सांडपाण्याचा पाइप सगळ्या मजल्यांना एकाच डक्टमधून उतरतो, आणि तुमची ओली जागा खालच्यांच्या देवघरावर येते.

क्षेत्रफळाचंही तसंच. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात, म्हणजे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली, राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं. ३५ टक्के फंजिबल, म्हणजे वाढीव क्षेत्र, धरलं तर ४०५. दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या माणसाला हा आकडा मोठाच वाटणार. पण त्यात संडास, बाथरूम, पॅसेज आणि आतल्या भिंतींची जाडीसुद्धा आली. शिवाय चाळीतला माणूस खोलीत कमी आणि गॅलरीत जास्त राहतो. कपडे तिथे, पापड तिथे, दुपारच्या गप्पा तिथे. ती गॅलरी नव्या घराच्या कार्पेटमध्ये कुठेच नसते.

म्हणून मी सांगतो, नकाशा चाळीच्या पटांगणात खडूने खऱ्या मापात आखा. एका चाळीत आखला, तेव्हा बायका खडूच्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. फ्रिजचं दार उघडलं की बाथरूमचं दार अडतं, हे एकीने तिथल्या तिथे दाखवून दिलं. गणपतीचं मखर कुठे मांडायचं, असं दुसरीने विचारलं. दाराची बाजू बदलायला आर्किटेक्टला कागदावर एक रेघ पुरली. तेच काम पंधराव्या मजल्यावर ताबा घेतल्यानंतर झालं नसतं.

'५१ टक्के संमती झाली, आता टॉवर उभा राहिलाच' असंही लोक धरून चालतात. संमतीमुळे प्रस्ताव पुढे सरकतो, एवढंच. मंजुऱ्या आणि बिल्डरकडचा पैसा या पुढच्या गोष्टी. घर फुकट मिळालं तरी लिफ्ट, पंप आणि रखवालदाराचा खर्च दरमहा सुरू होतो. त्यासाठी बिल्डर देईल तो कॉर्पस, म्हणजे देखभालीचा निधी, किती, हे आधीच ठरवून घ्या.

मापांसह नकाशा, बांधकाम होईपर्यंत मिळणाऱ्या भाड्याची रक्कम आणि उशीर झाल्यास काय, हे सगळं करारनाम्यात लिहून घ्या, तोंडी शब्दावर राहू नका. आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका.