वेबसाइट नवी झाली अन् ई-मेल बंद पडले? आधी ‘एमएक्स रेकॉर्ड’ तपासा

नागपूर : समजा, इतवारीतील एका व्यापाऱ्याने जुनी वेबसाइट काढून नवी करवून घेतली. साइट झकास दिसते, मोबाइलवरही पटकन उघडते. दोन दिवसांनी लक्षात येते की, दुकानाच्या ई-मेलवर एकही मेल आलेला नाही. काही पाठवणाऱ्यांचे मेल परत गेले, काहींना काहीच कळले नाही. संत्र्याच्या हंगामातली ऑर्डर हुकली की जीएसटीची नोटीस, याचाही पत्ता नाही. वेबसाइटवाला म्हणतो, ‘मी मेलला हातच लावला नाही.’ मेलची कंपनी म्हणते, ‘आमचे सर्व्हर सुरू आहेत.’ गंमत म्हणजे दोघेही खरे बोलत असतात. घोळ तिसऱ्याच ठिकाणी, डोमेनच्या डीएनएसमध्ये झालेला असतो.

नाव एक, पत्ते दोन

डोमेन ही जागा नाही, नुसते नाव आहे. दुकान सीताबर्डीला आणि गोदाम वाडीला असले तरी फर्मचे नाव एकच असते. गिऱ्हाईक सीताबर्डीला जाते, मालाचा ट्रक वाडीला. कोणी कुठे जायचे हे सांगणारी वही म्हणजे डीएनएस. तिच्यातला ‘ए रेकॉर्ड’ ब्राउझरला वेबसाइटच्या सर्व्हरचा आयपी क्रमांक देतो, तर ‘एमएक्स रेकॉर्ड’ मेल कोणत्या सर्व्हरवर उतरवायचा ते सांगतो.

ही सोय नवी नाही. डीएनएसची रचना १९८३ मध्ये मांडली गेली आणि १९८६ मध्ये मेलसाठी एमएक्स ही वेगळी नोंद आली. वर्ल्ड वाइड वेब तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

याचे ठळक उदाहरण केंद्र सरकारचेच. सुमारे १२ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहोच्या प्लॅटफॉर्मवर हलवल्याची बातमी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. पण पत्त्याच्या शेवटचे ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ तसेच राहिले. मेलचे बिऱ्हाड हलले, नाव नाही.

घात कुठे होतो?

बहुतेक वेळा ‘नेमसर्व्हर बदलून द्या’ या एका वाक्यात. नेमसर्व्हर बदलणे म्हणजे वहीतली एक ओळ खोडणे नव्हे, अख्खी वहीच बदलणे. नव्या वहीत ए रेकॉर्ड असतो, जुना एमएक्स कोणी उतरवून घेतलेला नसतो. एमएक्स सापडला नाही की पाठवणारा सर्व्हर नियमानुसार ए रेकॉर्डच्या पत्त्यावर, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरवर जातो. तिथे मेल घेणारे कोणी नसेल, तर तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ‘असा कोणी इथे राहत नाही’ असे उत्तर मिळाले, तर मेल लगेच परत फिरतो. सर्वांत वाईट म्हणजे तिथल्या होस्टिंगने मेल निमूट घेतला तर. तो कोणीही न उघडणाऱ्या डब्यात पडून राहतो.

एमएक्स बरोबर असूनही फसगत होते ती वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्ममध्ये. बाहेरचे मेल नीट येतात, फॉर्मचे येत नाहीत. कारण ‘या डोमेनचा मेल माझ्याकडेच येतो’ असे होस्टिंगचा सर्व्हर गृहीत धरतो. सीपॅनेलमध्ये ‘ई-मेल रूटिंग’ला ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट’ निवडले की हे सुटते.

आणखी एक खोड. मूळ डोमेनवर ‘सीनेम’ नोंद टाकू नये. ती असेल तिथे एमएक्ससारख्या नोंदी नियमाने राहू शकत नाहीत. क्लाउडफ्लेअर वापरणाऱ्यांनी मेल सर्व्हरच्या नावापुढचा नारिंगी ढग करडा करून ठेवावा. नागपूरकरांना नारिंगी रंग कितीही प्रिय असला, तरी त्या ढगातून सहसा वेबसाइटचीच वाहतूक जाते, मेलची नाही.

पाठवलेले मेल स्पॅममध्ये का?

तुमच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावा, हे ‘एसपीएफ’ नावाची टीएक्सटी नोंद सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचे केले, तर मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना ही दोन्ही आणि वर डीमार्कही. वेबसाइट आणि मेल वेगळ्या सर्व्हरवर असतील आणि दोन्हीकडून मेल जात असेल, तर दोघांचीही नावे एकाच एसपीएफ नोंदीत हवीत. दोन वेगळ्या एसपीएफ नोंदी केल्या, तर तपासणी अपयशी ठरते.

बदल करण्याआधी

जुन्या सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट घ्या. एक दिवस आधी ‘टीटीएल’ ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो आणि चुकले तर लवकर मागेही घेता येतो. मग वेबसाइटवाल्याला फक्त ए रेकॉर्ड आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची नोंद बदलायला सांगा. नेमसर्व्हर बदलणे टाळताच येत नसेल, तर आधी सर्व नोंदी नव्या ठिकाणी उतरवून घ्या. डोमेनचे लॉगिन डिझायनरच्या नव्हे, स्वतःच्या नावावर असलेले बरे. अनेक छोट्या व्यावसायिकांची खरी अडचण इथेच सुरू होते.

मेल आधीच बंद पडले असतील, तर एमएक्स त्याच दिवशी दुरुस्त करा. रांगेत अडकलेल्या मेलसाठी पाठवणारे सर्व्हर साधारणपणे चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतात, त्यामुळे ते मागाहून पोहोचू शकतात. परत गेलेले मेल मात्र समोरच्याला फोन करून पुन्हा मागवावे लागतात.