आहार आणि आरोग्य : गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात प्रामुख्याने खाटा, शस्त्रक्रिया, तपासण्या आणि जमाखर्च यांचे आकडे असतात. परंतु रुग्ण बरा होण्यात ज्या गोष्टीचा मोठा वाटा असतो आणि बिलात जिची रक्कम फारच लहान दिसते, अशी एक गोष्ट म्हणजे आहार. तिचा थोडा परामर्श देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर घ्यावा, या हेतूने हा लेख देत आहोत.

हिशेबाच्या वहीत एका पानाखालची बाकी पुढील पानावर ओढली जाते. शरीराचेही तसेच आहे. एका वयात राहिलेली तूट त्याच वयात संपत नाही. ती पुढच्या वयाच्या माथी येते.

गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षे

गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा सुमारे १००० दिवसांचा काळ हा या वहीचा आरंभ होय. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ते सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे कृश होती, त्यांचे स्नायू कमी होते. त्या मानाने त्वचेखालील चरबी मात्र टिकून होती. अशी शरीररचना पुढील आयुष्यात मधुमेहाला अनुकूल ठरते, असे या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. म्हणजेच पन्नाशीतील विकाराचे मूळ मातेच्या ताटातही असू शकते.

पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर दुधाच्या जोडीला घट्टसर आहार सुरू करावा. अनेक घरांत वरणाचे वरचे पाणी पौष्टिक समजून पाजले जाते. परंतु डाळीचे सत्त्व तळाशी राहते आणि बाळाचे पोट पाण्यानेच भरते. त्याऐवजी कुस्करलेला वरणभात व तूप, नाचणीचे सत्त्व, केळे, चालत असल्यास अंडे द्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती.

शालेय आणि किशोरवय

या वयात उंची झपाट्याने वाढते आणि मुलींना मासिक पाळी सुरू होते, त्यामुळे लोहाची गरज वाढते. वरील पाहणीतच राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाजी व कडधान्यांबरोबर लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा त्यास अडथळा आणतो. घरातील मुलीने व सुनेने सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवावे ही रीत अद्याप पुरती गेलेली नाही. तिच्या रक्तातील ही उणीव उद्या तिच्या गर्भातील बाळाच्या खात्यावर जाते, आणि वहीचे पहिले पान पुन्हा तुटीनेच उघडते.

तारुण्य आणि मध्यम वय

हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंत होतो. पुढे त्यातून खर्चच होत असतो. त्या दृष्टीने नाचणीचे मोल मोठे आहे : १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मध्यम वयात चूक उणिवेपेक्षा अतिरेकाची होते. बैठे काम वाढते, पण पान तेच राहते. मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत असावे, असे तज्ज्ञ सांगतात. पापड, लोणचे आणि फरसाण यांतील मीठही त्यातच धरावयाचे असते.

वार्धक्य

उतारवयात भूक, तहान आणि चव तिन्ही मंदावतात, दात साथ देत नाहीत आणि दोन वेळच्या जेवणाची जागा चहा-बिस्किटे घेतात. स्नायू झिजतात, तोल जातो, आणि एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया कितीही उत्तम झाली तरी जखम भरून येण्यास प्रथिने लागतात. वृद्धांना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला सुमारे एक ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा सर्वसाधारण सल्ला असतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. मुगाची मऊ खिचडी, दही, दाण्याचे कूट, पनीर, अंडे हे पदार्थ सोयीचे आहेत.

नातेवाइकांना आमची एक कळकळीची विनंती आहे. साखर बंद, तेल बंद, भात बंद, दूध बंद असे प्रत्येकाच्या सल्ल्याने पथ्य वाढत जाते आणि अखेर वृद्धाच्या ताटात काहीच उरत नाही. पथ्य म्हणजे उपवास नव्हे. काय वर्ज्य आहे हे विचारताना, त्याऐवजी काय द्यावे, हेही आवर्जून विचारावे. रुग्णास घरी सोडताना आहाराविषयी सांगितले जाते, तेव्हा घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती समक्ष हजर असावी.

देणगीदारांच्या औदार्याने रुग्णालयात यंत्रसामग्री आली, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. वाटीभर खिचडीवर ती लावता येत नाही. तरीही यंत्राने निदान झालेल्या रुग्णास उभे राहण्याचे बळ त्या वाटीतूनच मिळते. देणगीचा काही भाग रुग्णांच्या आहारासाठी राखून ठेवावा, अशी आमची सर्व हितचिंतकांस नम्र विनंती आहे.