प्राथमिक शाळेंतील पुस्तकांचें कपाट

दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेंतील मूल वर्षाच्या अखेरीस आपलें क्रमिक पुस्तक घडाघडा वाचून दाखवितें आणि घरांतील मंडळींना समाधान वाटतें. परंतु त्याच मुलापुढें त्याच योग्यतेचें, पण पूर्वीं न पाहिलेलें एखादें गोष्टीचें पुस्तक ठेवलें, तर पुष्कळदां तें पहिल्याच ओळींत अडखळतें. याचें कारण उघड आहे. वर्षभर ऐकून ऐकून धडे त्याला तोंडपाठ झालेले असतात. डोळे पानावर असले तरी वाचन चालतें तें स्मरणाच्या बळावर. मुलाला खरोखर वाचतां येतें कीं नाहीं, याची परीक्षा नव्या पुस्तकावरच होते. आणि नवें पुस्तक नित्य हातीं पडण्याची सोय म्हणजेच शाळेचें ग्रंथालय.

नवशिक्या वाचकाचें सारें लक्ष अक्षरें ओळखण्यांत व जोडण्यांत खर्च होतें. वाक्याच्या शेवटास पोहोंचेपर्यंत आरंभ विसरला जातो व अर्थ निसटतो. अक्षरओळख अंगवळणीं पडली म्हणजे मन अर्थाकडे वळावयास मोकळें होतें. असा सराव एकाच पुस्तकाच्या पारायणांनीं होत नाहीं. सोप्या, निरनिराळ्या व मुलानें स्वतः निवडलेल्या अनेक पुस्तकांनीं होतो. एकच शब्द चार गोष्टींत चार संदर्भांत भेटला म्हणजे त्याचा अर्थ कोशावांचून उमगूं लागतो. गणितांतील शाब्दिक उदाहरण काय किंवा भूगोलांतील वर्णन काय, शेवटीं वाचूनच समजून घ्यावयाचें असतें. म्हणून वाचनांत मागें राहिलेलें मूल हळूहळू सर्वच विषयांत मागें राहतें.

हें मर्म बडोदें संस्थानांत फार पूर्वीं ओळखलें गेलें. महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ सालीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सर्व राज्यांत लागू केलें. शाळा सुटल्यावर वाचावयास कांहींच न मिळाल्यास शिकलेलीं अक्षरेंही विसरलीं जातात, हें जाणून त्यांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केलें आणि राज्यभर मोफत ग्रंथालयांची योजना उभी केली. खेडोपाडीं पुस्तकांच्या पेट्या फिरूं लागल्या. पुढें डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. त्यांतील पहिलें सूत्र पुस्तकें वापरासाठीं असतात, हेंच होय.

आज तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, तेथें वर्तमानपत्रें, मासिकें आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तकें असावींत, असें नमूद आहे. तेव्हां कपाट असावें कीं नसावें, हा वाद संपला आहे. खरा प्रश्न तें उघडण्याचा आहे.

कित्येक शाळांत या कपाटाला कुलूप असतें. त्यामागें शिक्षकाचा आळस असतोच असें नाहीं. पुस्तक फाटलें वा हरवलें तर तपासणीच्या वेळीं जाब द्यावा लागेल, प्रसंगीं पदरचे पैसे भरावे लागतील, ही धास्ती असते. मग जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहींत पुस्तकें बिनचूक भरतात आणि वर्गांत मुलें रिकाम्या हातांनीं बसतात. वाचून झिजलेलें पुस्तक नुकसानींत न धरतां रीतसर खर्ची टाकण्याची मुभा शिक्षकास मिळाली, तर निम्मीं कुलुपें आपोआप निघतील.

बाकीची व्यवस्था अगदीं साधी आहे. आठवड्यांतून निदान एक तास वाचनाचा असावा. त्या तासांत शिक्षकानें एखादी गोष्ट वाचून दाखवावी आणि मग मुलांना कपाटापाशीं मोकळें सोडावें. पुस्तक घरीं नेऊं द्यावें. देवघेवीची वही वरच्या वर्गांतील मुलामुलींनींच पाळीपाळीनें ठेवावी. वाचलेल्यावर परीक्षा घेऊं नये. गोष्ट आवडली कां, एवढेंच विचारावें. घरीं आईनें किंवा आजीनें स्वयंपाक करतां करतां ती ऐकून घेतली, तर पालकांचेंही कर्तव्य पुष्कळसें पार पडलें.

शाळा पाहावयास गेलेल्या पालकानें इमारत व निकालाचा तक्ता अवश्य पाहावा. पण त्याबरोबर कपाटांतील एखादें गोष्टींचें पुस्तक काढून हातांत घ्यावें. त्याचे कोपरे दुमडलेले, पाठ चिकटविलेली आणि पानांवर बोटांचे डाग असतील, तर त्या शाळेंत मुलें वाचतात असें खुशाल समजावें.